भाड्याच्या घरात कपाटामागं काळी बुरशी, मालक म्हणतो तुम्हीच खिडक्या उघडत नाही

तापीकाठची, १२ ऑगस्ट

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. जळगावात भाड्यानं राहतो, तळमजला, वरचा मजला मालकाचाच पण ते पुण्याला मुलाकडं असतात त्यामुळे वर कुलूप. कानबाईच्या सणाला सासरी शिरपूरला गेलो होतो, प्रसादाचे रोट संपेपर्यंत थांबा, मग राखी करूनच जा, असं करत नऊ दिवस झाले. परवा आलो, दार उघडलं आणि असा भपकारा आला की जणू ओल्या पोत्यांच्या गोडाऊनात शिरलो. बेडरूममधे लोखंडी कपाट आहे, ते आम्ही दोघांनी ओढून बाजूला केलं तर मागं बरोबर कपाटाएवढा काळा हिरवा चौकोन, मधे मधे पांढरी लव, बोट लावलं तर काजळी लागावी तसं बोट काळं. जमिनीपासून हात दीड हात प्लास्टर फुगलंय, दाबलं की पोकळ वाजतं. कपाटाच्या पाठीला गंज धरलाय. खालच्या कप्प्यात आईनं उन्हाळ्यात करून दिलेले ज्वारीचे बिबडे आणि कुरडया होत्या, कापडी पिशवीत, त्यांनाही हिरवे ठिपके. खरं सांगते भिंतीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मालकाला फोन केला तर म्हणे तुम्ही खिडक्या उघडत नाही, घरात कपडे वाळवता, स्वयंपाकाची वाफ कोंडते, आधीच्या भाडेकरूंना कधी काही झालं नाही. आता नऊ दिवस घरात कोणीच नव्हतं तर वाफ कोणी केली? मुलगा चार वर्षांचा आहे, आल्यापासून रात्री खोकतोय. भाडं ८,५००, डिपॉझिट ३०,०००, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. कशानं पुसू, त्या खोलीत झोपू का नको, आणि खर्च कोणाचा, एवढं सांगा.

खान्देशी_झटका, १२ ऑगस्ट

ताई टेन्शन नका घेऊ. संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कालवा, ब्रशनं घासा, दहा मिनिटात भिंत पांढरीफेक. वरून डिस्टेंपरचा एक हात. हजार रुपयात काम तमाम, आम्ही दरवर्षी करतो.

प्रयोगवहीतले_सर, १२ ऑगस्ट

ताई हे अजिबात करू नका आणि भाऊ तुम्ही पण हे कुठं सांगत जाऊ नका. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो छातीत बसला तर थेट दवाखाना. अमोनिया असलेलं क्लीनर ब्लीचमधे मिसळलं तरी विषारीच वायू होतो. बाथरूममधे लोकं सकाळी एक ओततात दुपारी दुसरं ओततात आणि मग म्हणतात डोळे का चुरचुरतात. बावीस वर्षं शाळेत रसायन शिकवलं, हे एक वाक्य पोरांनी घरी नेलं तरी मला पुरे.

बुरशीला साधा कपडे धुवायचा साबण नाहीतर भांड्याचं लिक्विड आणि पाणी चालतं. ब्लीच फरशीवर, टाइल्सवर ठीक आहे, प्लास्टरवर त्याचा फारसा उपयोग नाही, वरचा रंग उडतो म्हणून आपल्याला वाटतं गेली, खाली मुळं तशीच. आणि भाऊ, तुम्ही स्वतःच म्हणताय दरवर्षी करतो, म्हणजे दरवर्षी परत येते ना?

खान्देशी_झटका, १२ ऑगस्ट

सर मुद्दा पॉइंटाचा आहे 😅 गप बसतो.

धुळेकाकू, १३ ऑगस्ट

बाई गं ही तीच काळी बुरशी का कोरोनात लोकांचे डोळे काढावे लागले ती? आमच्या मोरीच्या कोपऱ्यात पण काळं आहे, वाचून रात्रभर झोप नाही.

सरकारी_दवाखाना, १३ ऑगस्ट

काकू, झोपा निवांत. २०२१ मधे जी काळी बुरशी म्हणत होते ती म्युकरमायकोसिस, ती मुख्यतः साखर खूप वाढलेल्या आणि स्टेरॉइड चाललेल्या पेशंटला झाली. काळी हे नाव तिथं सडून काळ्या पडलेल्या भागावरून पडलं, बुरशीच्या रंगावरून नाही. भिंतीवरची काळी ही वेगळ्याच जातींची असते आणि ती कोणती आहे हे लॅबमधे शोधत बसायची गरज नसते, कोणतीही असली तरी काढायचीच असते.

पण म्हणून हलक्यात घेऊ नका. तिचे कण हवेत उडतात, दमा ॲलर्जीवाल्यांना आणि लहान मुलांना त्रास होतोच, घरातली ओल आणि बुरशी यावर जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती उगाच नाही. तापीकाठची ताई, मुलाला आजपासून दुसऱ्या खोलीत झोपवा, बुरशीच्या खोलीचं दार लावा, आणि खोकला आठ दिवसात हटला नाही किंवा छातीत शिट्टी वाजली तर बालरोगवाल्याकडं नेताना घरात बुरशी आहे हे आवर्जून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही. आणि ते बिबडे फेका. ठिपका खुडून तळून खाऊ म्हणाल तर तळल्यानं बुरशी मरते पण तिनं सोडलेलं विष तेलाच्या उष्णतेनं सगळं जात नाही.

थापीवाला, १३ ऑगस्ट

मी बांधकामातला, बाप मिस्त्री, आजा मिस्त्री. बुरशीचा विचार नंतर, आधी पाणी कुठून येतं ते शोधा. ते बंद झाल्याशिवाय सोनं लावलं तरी पडेल.

पहिली गोष्ट, मालक वाफ म्हणतो तर ते तपासता येतं. हातभर पारदर्शक प्लास्टिक घ्या, भिंतीच्या ओल्या भागाशेजारी जिथं प्लास्टर अजून घट्ट आहे तिथला पृष्ठभाग कोरडा पुसा आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून पॅक बसवा. एक दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतून, भिंतीकडच्या बाजूनं आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून आले तर खोलीतली वाफ. फोटो काढा तारखेसकट.

दुसरं, ही भिंत बाहेरची की आतली? पलीकडं काय आहे? आणि सात आठ दिवस पाऊस उघडला तेव्हा डाग सुकला का वाढला? गच्चीचं पाणी असतं तर बहुतेक वरून छताकडून खाली उतरलं असतं, आणि पावसाशी त्याचं नातं दिसलं असतं. खालून फुगलंय म्हणजे एकतर जमिनीतून ओल चढतेय नाहीतर भिंतीत पाईप आहे.

तिसरं, त्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर एमसीबी पाडा आधी. ओल्या भिंतीच्या बोर्डाला हात लावू नका.

तापीकाठची, १३ ऑगस्ट

अय्या हो! पलीकडं बाथरूम आहे. आणि पाऊस तर आम्ही आल्यापासून नाहीच, तरी परवापेक्षा आज डाग चार बोटं वर आहे, मी पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती. बोर्ड बाजूच्या भिंतीला आहे पण तरी पाडला. प्लास्टिक आत्ता लावते.

पांझरेचं_पाणी, १३ ऑगस्ट

ताई, आमना घरमा बी असंच व्हयनं व्हतं. तीन साल दिवाईले रंग मारा आनि तीन साल आखाडमा तो पडना. रंगवाला मात्र श्रीमंत व्हयना. पहिले पानी कोठून ई ऱ्हायनं ते देखा, मंग बाकीनं.

कूलरग्रस्त_भुसावळ, १४ ऑगस्ट

थोडं वेगळं सांगतो. आपल्याकडं लोकांना वाटतं की बुरशी म्हणजे कोकणातला विषय, आपल्या इथं मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, तिथं कसली ओल. आमच्याकडं बुरशी आली ती एप्रिलात! खिडकीत वाळ्याचा कूलर, त्याची टाकी झिरपत होती, खिडकीखालची भिंत रोज थोडी थोडी पीत होती, आणि आम्ही उन्हाच्या भीतीनं दारं खिडक्या सगळं बंद करून कूलर फुल्ल, म्हणजे ओली हवा आतल्या आत फिरतेय. गादी भिंतीला लागून होती तिच्या मागच्या बाजूला काळी. ओलं राहिलं की एक दोन दिवसात सुरू होते ही बया, उन्हाळा पावसाळा बघत नाही. कूलर लावला की समोरची एक खिडकी फटीएवढी उघडी पाहिजे, नाहीतर थंडावा पण कमी आणि ओल पण जास्त.

केळीच्या_बागेतून, १४ ऑगस्ट

रावेरकडचा आहे, केळीवाला. केळीवर करपा येतो तोही बुरशीच, पानं ओली राहिली आणि बागेत हवा खेळली नाही की आलाच समजा. आम्ही दाट लागवड केली, खालची पानं काढली नाही तर कितीही फवारा, काही होत नाही. तुमचं कपाट भिंतीला चिकटून म्हणजे दाट लागवडच झाली. वीतभर लांब ठेवा. (बोर्डो मिश्रणाचा सल्ला कोणी देईल, एक किलो मोरचूद एक किलो चुना शंभर लिटर पाणी, पण ते बागेत, घरात पोर आहे तिथं मोरचूद नको.)

तापीकाठची, १५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो आणि पहिल्यांदा प्लास्टिक बघितलं. आतून थेंबच थेंब, बाहेरून हात फिरवला तर कोरडं. व्हिडिओ काढून मालकाला पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही.

ओसरी_आणि_करार, १५ ऑगस्ट

कोर्टाच्या आवारात दिवस जातो म्हणून थोडं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १४. करारात उलट काही ठरलेलं नसेल तर घर राहण्यालायक ठेवण्याची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. त्यानं टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरी हलला नाही तर भाडेकरूनं स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाला वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. तुमचं ८,५०० म्हणजे वर्षाचे १,०२,०००, चौथा हिस्सा २५,५००.

आता मेख ऐका. अकरा महिन्यांचं जे असतं ते बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स, त्यात कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नसता, परवानाधारक असता, म्हणून हे कलम जसंच्या तसं तुमच्या हातात येईल असं समजून भाडं कापायला लागू नका. आधी ॲग्रीमेंट काढून दुरुस्तीचा परिच्छेद वाचा. बहुतेकात किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याकडं आणि मोठी, भिंतीतली, मालकाकडं असं असतं. भिंतीतला पाईप किरकोळ होत नाही. आणि ॲग्रीमेंट नोंदवलेलं आहे का ते बघा, कलम ५५ प्रमाणे नोंदवायची जबाबदारी मालकाची, नोंदवलं नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. ही गोष्ट बऱ्याच मालकांना माहीत नसते.

सगळं लेखी ठेवा, व्हॉट्सॲप चालेल. फोनवर बोललात तरी मागून मेसेज टाका की आत्ता आपलं असं असं बोलणं झालं.

तीन_खोल्यांचा_मालक, १५ ऑगस्ट

सगळे मालकाच्या मागं लागले म्हणून दुसरी बाजू. माझ्या अमळनेरच्या खोलीत एका भाडेकरूनं सहा महिने मोरीचा नळ टिपकत ठेवला, सांगितलं नाही, जाताना भिंत पार गेलेली. मालकाला उशिरा कळतं आणि शिव्या पण त्यालाच. ताईंनी लगेच कळवलं हे चांगलं केलं. पण एक, मालक दूर पुण्यात बसलाय, त्याला खरंच वाटत असेल वाफ आहे. भांडण्याआधी नेमकं कारण हातात द्या, म्हणजे अमुक पाईप फुटलाय, अमुक खर्च. कारण हातात दिलं की मालक निमूट पैसे देतो, नुसती तक्रार दिली की सबबी देतो. स्वतःचंच सांगतोय.

थापीवाला, १५ ऑगस्ट

मालक भाऊ लाख बोललात. ताई, कारण आता असं काढा. तुमच्याकडं नळ रोज नसतो, म्हणजे गच्चीवर टाकी असणारच. ज्या रात्री टाकीत नळाचं पाणी पडणार नाही ती रात्र निवडा. दहा वाजता सगळे नळ बंद, टाकीत कोरडी काठी सरळ तळाला टेकवून पाणी कुठवर आलं तिथं खूण. सकाळी कोणी नळ सोडायच्या आत परत तीच काठी. पाणी उतरलं तर कुठंतरी गळतंय. दुसऱ्या रात्री गच्चीवर तुमच्या मजल्याच्या लाईनीचा व्हॉल्व्ह बंद करून परत बघा.

गिरणाकाठ, १६ ऑगस्ट

वरच्या मजल्याचा फ्लश टिपकत असेल तरी टाकी उतरेल बरं का. कुलूपबंद घरात कोण बघतंय. आधी वरचा व्हॉल्व्ह बंद करा मगच काठी टाका.

तापीकाठची, १९ ऑगस्ट

काठीपुराण पूर्ण झालं 😀 शेजारच्या आजींकडं वरची किल्ली होती, फ्लश बघितला, ठणठणीत. तरी वरचा व्हॉल्व्ह बंदच ठेवला. पहिल्या रात्री काठीवर एक बोट पाणी कमी. हजार लिटरची टाकी आहे, ह्यांनी हिशोब केला, एक बोट म्हणजे पंधरा एक लिटर. दुसऱ्या रात्री आमचा व्हॉल्व्ह बंद करून बघितलं, काठी जिथल्या तिथं. म्हणजे रोज रात्री पंधरा लिटर आमच्या भिंतीत आणि फरशीखाली! मालकाला काठीचे दोन्ही फोटो, व्हिडिओ, सगळं पाठवलं आणि खाली फक्त लिहिलं, काका, पाईप गळतोय, प्लंबर कधी पाठवू. दहा मिनिटात फोन. काका म्हणे अगं आधी सांगायचं ना.

तीन_खोल्यांचा_मालक, १९ ऑगस्ट

सांगितलं होतं ना 😄

तापीकाठची, २४ ऑगस्ट

प्लंबरनं बाथरूमच्या बाजूनं टाइल्स फोडल्या. जुना लोखंडी जीआय पाईप, जमिनीपासून दोन फुटांवर जिथं वळतो तिथला एल्बो. हातात घेतला तर बाहेरून नुसता तांबूस, आणि अंगठ्यानं दाबला तर पापडासारखा चुरला. तेवढ्याशा भोकातून केसाएवढी धार. सगळी लाईन सीपीव्हीसीची, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिक पाईपची टाकली. प्लंबर आणि मिस्त्री मिळून ६,२०० झाले, काकांनी मेसेजवर लिहून दिलं की पुढच्या भाड्यातून वळते करा.

आता भिंतीचं सांगा. मिस्त्री म्हणतो परवा प्लास्टर करून देतो, लगेच पुट्टी आणि प्लास्टिक पेंट, दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही.

थापीवाला, २४ ऑगस्ट

मिस्त्रीला त्याचं पुढचं काम दिसतंय, तुमची भिंत नाही. परवा अजिबात नाही. फुगलेलं सगळं प्लास्टर विटेपर्यंत पाडा, ओल्या रेघेच्या वर अजून हातभर पाडा, आणि भिंत उघडी ठेवा. ढोबळ हिशोब असा की भिंत महिन्याला इंचभर सुकते. तुमची नऊ इंची असली तरी दोन्ही बाजू उघड्या आहेत आणि पुढं ऑक्टोबरचं आपलं ऊन, लवकर होईल. तरी दिवाळीला भिंत उघडी दिसली तर दिसू द्या. समोर टेबलफॅन लावा, खिडकी उघडी. पांढरा खार फुटेल वर, कापसासारखा, त्याला बुरशी समजून घाबरू नका, पाण्यात विरघळतो तो खार, कोरड्या ब्रशनं झाडा.

आणि पाडायच्या आधी बुरशी साबणाच्या पाण्यानं ओली करून पुसून घ्या. कोरडी खरवडाल तर धूळ होऊन घरभर. पाडताना पंखा बंद, खोलीचं दार बंद, दाराला ओलं फडकं, तोंडाला एन ९५, साधा रुमाल नाही, हातमोजे, डोळ्याला गॉगल. पुसलेली फडकी धुवत बसू नका, पिशवीत बांधून फेका. साधारण तीन बाय तीन फुटांपर्यंत असेल तर घरच्या माणसानं करावं, तुमचं कपाटाएवढं आहे म्हणजे त्याच्यापेक्षा जास्त, मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण मास्क तुम्ही द्या त्याला. तो नाही म्हणेल, तरी द्या.

चाळीसगावकर_जुना, २५ ऑगस्ट

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर डोंगरीचं पाणी आमच्या घरात कमरेएवढं आलं होतं. गाद्यांबद्दल सांगतो कारण आम्ही तिथं फसलो. कापसाच्या गाद्या, चांगल्या जड, आईनं लग्नात भरून घेतलेल्या, टाकवेनात. उन्हात चार दिवस वाळवल्या, वरून कडकडीत, पिंजाऱ्याकडं पुन्हा पिंजून घेऊ म्हणून उसवल्या तर आत काळ्या गुठळ्या. शेवटी टाकल्याच, फक्त दोन महिने उशिरा, तोवर सगळे त्यांच्यावरच झोपत होतो. भिंतीला लागलेली गादी असेल ताई तर मायेत पडू नका. गोधड्या चालतात, गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. लोखंडी कपाट पुसून रंगवून होतं. प्लायवूडचं फुगलं की गेलं.

प्रयोगवहीतले_सर, २५ ऑगस्ट

रंगाचं राहिलं. भिंत सुकल्यावर त्या एका भिंतीला प्लास्टिक पेंट नको, चुना द्या. चुना अल्कधर्मी असतो, बुरशीला तो मानवत नाही, आणि तो भिंतीला श्वास घेऊ देतो म्हणजे आत राहिलेली ओल बाहेर पडते. प्लास्टिक पेंट तीच ओल आत कोंडतो आणि मग फुगे. आपले आजे दर दिवाळीला चुना मारायचे ते काही फक्त स्वस्त म्हणून नाही. हाताला लागू देऊ नका एवढंच, आणि डोळ्यात तर नाहीच.

तापीकाठची, २९ ऑक्टोबर

दिवाळी उघड्या विटांसमोरच झाली. नणंद आली, म्हणाली हे काय कॅफेसारखं केलंय का मुद्दाम. मी हो म्हटलं. खार फुटला होता, झाडला, आता पंधरा दिवसांपासून परत आला नाही. प्लास्टिकची टेस्ट परत केली, दोन दिवस ठेवून आतून कोरडं. मुलाचा खोकला सप्टेंबरातच थांबला होता. पुढच्या आठवड्यात प्लास्टर, मग ते सुकलं की चुना.

ओसरी_आणि_करार, २९ ऑक्टोबर

छान. वळत्या केलेल्या ६,२०० चा हिशोब, काकांचा मेसेज, प्लंबरची पावती, सगळं एका ठिकाणी ठेवा. घर सोडताना डिपॉझिटच्या वेळी भिंत कोणामुळं खराब झाली हा प्रश्न परत निघतो.

तापीकाठची, १४ डिसेंबर

चुना झाला. कपाट वीतभर पुढं ठेवलंय, मागं झाडू जातो एवढं. आईनं बिबड्यांचा नवा डबा पाठवला, यावेळी पत्र्याचा, झाकणाचा.

आणि काल काकांचा मेसेज आला. ॲग्रीमेंट संपतंय, नवीन करू, भाडं ९,००० ठेवू, कारण आता पाईपलाईन नवीन टाकलेली आहे.

पांझरेचं_पाणी, १४ डिसेंबर

आते त्याले जुना एल्बो कुरियर करी दे ताई.